सणाच्या सुट्टीत राबणाऱ्या हॉस्पिटल स्टाफचे आभार नेमके कसे मानायचे?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबांना न्यूमोनिया झाला आणि यंदा सणाची सगळी सुट्टी हॉस्पिटलमध्ये गेली. आधी आयसीयू, मग जनरल वॉर्ड. आता घरी आलेत, ऑक्सिजन सुटलाय, आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडायला लागलेत म्हणजे बऱ्यापैकी बरे आहेत.

मला विचारायचंय ते तिथल्या लोकांबद्दल. बाहेर सगळीकडे सुट्टीचा माहोल आणि आत वॉर्डमध्ये निम्माच स्टाफ. सकाळच्या ड्युटीला दिसलेली सिस्टर रात्री परत दिसली, रिलीव्हर आलीच नव्हती म्हणे. रात्री उशिरा ती औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहून प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि डोस मोठ्यांदा वाचत होती आणि शेजारच्या ब्रदरला 'बघ रे बरोबर आहे ना' असं विचारत होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "झोप आलीये ना, म्हणून मोठ्यांदा वाचते, डोळ्यांवर भरवसा नाही." मला तिचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. आणि एक मावशी होत्या, चादर बदलायला आल्या होत्या फक्त, त्यांच्या लक्षात आलं की बाबांचा श्वास नेहमीपेक्षा जोरात चाललाय, त्याच धावत गेल्या सिस्टरला बोलवायला. मी तर तिथेच बसले होते मोबाईलमध्ये डोकं घालून.

डिस्चार्जच्या गडबडीत कोणाशीच धड बोलणं झालं नाही. बिल, फाईल, औषधं, व्हीलचेअर, संपलं. आता वाटतंय काहीतरी करावं. पण काय? मिठाईचा बॉक्स? पैसे द्यावेत का? गूगलवर पाच स्टार? फोटो टाकून पोस्ट? भाऊ म्हणतो की अगं त्यांचं कामच आहे ते, आपण बिल भरलंय, कशाला एवढं. बिल भरलंय हे खरंच, पण त्या मावशींच्या खात्यात माझ्या बिलातलं काय जातं हो?

इथे हॉस्पिटलमध्ये काम करणारे बरेच आहेत असं वाटतं, त्यांनीच सांगा. तुम्हाला खरंच काय आवडतं? मनापासून सांगा, 'काही नको, तुमचं हसू पुरे' असलं नको.

---

नाईट_ड्युटी

ताई, धागा काढलात बरं केलंत. मी बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे, आयसीयूतही काढलीत, मेडिसिन वॉर्डलाही. तुम्ही मनापासून सांगा म्हणालात म्हणून सरळ सांगते.

पत्र लिहा. कागदावर किंवा ईमेल, काहीही चालेल, पण लिहून द्या. आणि ते आम्हाला नाही, मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंटला, म्हणजे नर्सेसच्या वरिष्ठांना पाठवा, वॉर्ड इनचार्जला कॉपी. कारण आमच्याकडे तक्रार आली की ती लेखी येते, सहीशिक्क्यानिशी येते आणि फाईलला लागते. आणि कौतुक? ते लिफ्टपाशी येतं. "सिस्टर खूप केलंत हो आमच्यासाठी" आणि लिफ्टचं दार बंद. बरं वाटतं, नाही असं नाही, पण अप्रेझलच्या वेळी लिफ्टमधलं बोलणं कोणी विचारात घेत नाही. वर्षभराची फाईल उघडली की आत फक्त 'पेशंटच्या नातेवाईकांशी उद्धट बोलली' असं कोणाचंतरी पत्र, आणि तेव्हा खरं काय झालं होतं ते कोणालाच आठवत नाही.

आणि 'सगळा स्टाफ खूप छान' असं लिहू नका. त्याने कोणाचंच काही होत नाही. तुम्ही वर जे लिहिलंय ना, मोठ्यांदा वाचून दुसऱ्याकडून तपासून घेणं, तेच जसंच्या तसं लिहा. ती सवय आहे चांगल्या नर्सची, जोखमीची औषधं दोघांनी बघायची असतात, आणि दमलेलं असताना सगळ्यात आधी हीच गोष्ट सुटते. तिने ती सोडली नाही. हे मेट्रनला कळलं तर तिला समजेल काय दर्जाची मुलगी आहे.

पैसे अजिबात नको. बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही आणि कोणी घेतलेच तर उद्या तिच्यावरच शेकतं. शिवाय एकीला दिले दुसरीला नाही यावरून वॉर्डात जे होतं ते तुम्हाला दिसत नाही, आम्ही महिनाभर भोगतो.

खाऊ चालतो, आधी इनचार्जला विचारून. पण बंद पाकिटातला, सुटासुटा, एका हाताने तोंडात टाकता येईल असा. कापायचं, वाढायचं, गरम करायचं असलं काही नको, तेवढा वेळ असता तर जेवलोच असतो. आणि हे महत्त्वाचं, तीन भाग करा आणि एकावर मोठ्या अक्षरात 'रात्रपाळी' लिहा. दिवसा आणलेला बॉक्स संध्याकाळपर्यंत संपतो, हा जगातला सगळ्यात खात्रीचा नियम आहे. रात्री येणाऱ्याला फक्त रिकामा बॉक्स आणि रिबन दिसते.

फोटो टाकून पोस्ट नको प्लीज. मागे कुठलातरी दुसरा पेशंट येतो, बोर्डावर नावं असतात, आणि आम्ही कशा अवतारात असतो ते तुम्हाला माहितीये.

आता मावशींचं. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सफाईच्या मावशी, वॉर्डातले मामा, सिक्युरिटी हे बऱ्याचदा कंत्राटावर असतात, त्यांचा मालक हॉस्पिटल नसतंच, एजन्सी असते. तुम्ही हॉस्पिटलला लिहिलेलं पत्र त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून इनचार्जला विचारा की हाऊसकीपिंगचा सुपरवायझर कोण, आणि त्याच्या नावे वेगळं पत्र द्या. कंत्राट बदलताना कोणाला ठेवायचं कोणाला काढायचं ठरतं, तेव्हा असा कागद उपयोगी पडू शकतो.

सणाला काय होतं तेही सांगते म्हणजे तुमच्या भावाला कळेल. लोकांना वाटतं सुट्टीत हॉस्पिटल रिकामं. अर्धं खरंय. ठरवून करायची ऑपरेशन पुढे ढकलतात, ज्याला चालता येतं तो घरी जायची घाई करतो, सणाच्या आदल्या दिवशी डिस्चार्जची नुसती झुंबड. मग मागे कोण राहतं? ज्याला हलवता येत नाही तो. म्हणजे बेड कमी भरलेले दिसतात आणि त्यावरून रोस्टरमध्ये स्टाफ कमी लावतात, पण जे आहेत ते सगळेच जड पेशंट. त्यात कोणी आजारी पडलं तर बदली मिळत नाही, मग डबल ड्युटी. वर भेटायला येणाऱ्यांची गर्दी दुप्पट.

---

वाचनमात्र

'रिकामा बॉक्स आणि रिबन' 😂 बायको लॅबमध्ये नाईट करते, तिला वाचून दाखवलं, ती हसली नाही.

---

तिरकस

सगळ्यांचं चाललंय ते चांगलंच आहे पण मी नेहमीप्रमाणे पाण्यात खडा टाकतो.

आभारांचा त्रास असा की ते फुकट असतात आणि म्हणून सगळ्यात आधी तेच वाटले जातात. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचे. दहा आठवडे चाललं. जिने ते सुरू केलं त्याच बाईंनी नंतर म्हटलं की आता थांबवूया, याचं राजकारण होतंय. आणि तिथल्याच कितीतरी नर्सेस तेव्हाही सांगत होत्या की टाळ्या नको, मास्क द्या आणि पगार बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडने जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी गेले असावेत. टाळ्या ऐकायलासुद्धा उरले नाहीत ते.

आणि हा 'थकवा' शब्द आपण असा वापरतो जणू तो त्या सिस्टरच्या तब्येतीचा प्रश्न आहे. त्याच संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी ११ मध्ये, बर्नआउट आजार म्हणून नाहीये, कामाशी निगडित प्रकार म्हणून आहे. व्याख्याच अशी की कामाच्या ठिकाणचा सततचा ताण, जो नीट हाताळला गेला नाही. म्हणजे गाठ आहे ती कामाच्या ठिकाणी. तरी मॅनेजमेंट काय करतं? स्टाफसाठी ध्यानधारणेचं सेशन ठेवतं. तेही ड्युटी संपल्यावर, म्हणजे झोपेच्या वेळेत.

२००२ साली अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या टीमने पेनसिल्व्हेनियाच्या हॉस्पिटल्सचा अभ्यास छापला होता. सर्जरीच्या पेशंटमध्ये प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्सला बर्नआउट होण्याची २३ टक्क्यांनी. एका पेशंटमागे हं. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट द्यायचे हे कायद्यानेच ठरवलंय, २००४ पासून लागू आहे.

तर ताई, पत्र जरूर लिहा, पण त्यात हेही लिहा की त्या रात्री वॉर्डात किती पेशंट होते, किती सिस्टर होत्या आणि रिलीव्हर आली नव्हती. नुसतं 'दमलेली असूनही हसतमुखाने' असं लिहिलंत तर वरचे म्हणतील वा, इतक्या कमी माणसांत पण भागतंय की.

---

मधली_सुट्टी

@तिरकस शेवटचं वाक्य टोचलं, कारण मी ड्राफ्टमध्ये अगदी 'हसतमुखाने' हाच शब्द लिहिला होता, खोडते आता. पण एक भीती वाटते. रिलीव्हर आली नाही, ती झोपेत होती वगैरे लिहिलं आणि उलट त्या सिस्टरलाच बोलावून विचारलं की तू ड्युटीवर पेंगत होतीस का, तर? मी भलं करायला जाणार आणि तिलाच मेमो मिळणार.

---

नाईट_ड्युटी

अगदी बरोबर भीती आहे. असं होतं.

दोन वेगळी पत्रं करा. एकात फक्त तिचं कौतुक, त्यात झोपेचा उल्लेख नको, 'प्रत्येक औषध मोठ्याने वाचून दुसऱ्या स्टाफकडून तपासून घेतलं' एवढं पुरे. दुसरं पत्र मेडिकल सुपरिंटेंडेंटला, त्यात कोणाचंच नाव नाही, फक्त तारीख, वॉर्ड, शिफ्ट आणि तुम्ही मोजलेले आकडे. पेशंटचे नातेवाईक म्हणून आम्हाला काळजी वाटली, असं. आम्ही आत राहून हेच बोललो तर 'ही नेहमीचीच कुरकूर' म्हणतात. तुमच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

बाकी तिरकस दादा, तुमचं पटतं पण थोडं कमीच. पगार आणि माणसं हवीतच, त्यावर वाद नाही. पण म्हणून चांगलं बोलायचं तोवर थांबवून ठेवायचं का? दोन्ही एकाच वेळी हवंय आम्हाला.

---

झोप_हवीये

रेसिडेंट आहे, आत्ता पोस्ट-ड्युटी आहे त्यामुळे वाक्यं कुठे सुरू होतील कुठे संपतील याची गॅरंटी नाही.

पहिलं म्हणजे सणाला पेशंट कमी असतात वाल्यांसाठी. २०१८ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनचा एक अभ्यास आला होता, सोळा वर्षांचे हार्ट अटॅकचे पेशंट, दोन लाख ऐंशी हजारांच्या वर, आणि त्यांना दिसलं की ख्रिसमसच्या आदल्या दिवशी अटॅकचं प्रमाण नेहमीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त, आणि सगळ्यात जास्त रात्री दहाच्या सुमाराला. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त लोक रजेवर असतात त्याच रात्री. का होतं ते त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही पण आमच्या कॅज्युअल्टीत बसून अंदाज येतो, छातीत दुखत असतं सकाळपासून आणि माणूस घरच्यांचा मूड जाऊ नये म्हणून गप्प बसतो, मग रात्री सगळे झोपायच्या वेळेला आणतात. तेव्हा कोणाला आमच्यासाठी काही करायचंच असेल तर दुखतंय तेव्हा या. सकाळी या. आम्ही रागावत नाही, उशिरा आलात तर मात्र मनात खूप काही बोलतो.

दुसरं, जागरण. १९९७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात डॉसन आणि रीड यांचा छोटासा पेपर आहे, त्यात सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाचं हातडोळ्यांचं कौशल्य साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जेवढं उतरतं तेवढं उतरलेलं दिसलं. कितीतरी देशांत गाडी चालवायची मर्यादाच तेवढी आहे. आणि सतरा तास म्हणजे आमच्यात कोणी जागरण म्हणतच नाही त्याला. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी हॉस्पिटलमध्ये दगावली, तिच्या वडिलांनी रेसिडेंट डॉक्टरांच्या तासांचा विषय लावून धरला तेव्हा कुठे १९८९ मध्ये तिथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, आणि सगळ्या अमेरिकेत ती यायला २००३ उजाडलं. ८० तास ही मर्यादा आहे बरं का, सवलत म्हणून!

आता आभारांबद्दल, कारण तिरकस यांनी ते फुकट असतात म्हटलंय. त्याचा चक्क प्रयोग झालाय. इस्रायलमधल्या रिस्किन वगैरे मंडळींनी नवजात बाळांच्या आयसीयूतल्या टीम घेतल्या, खोट्या बाळावर इमर्जन्सीचा सराव करायला लावला. २०१५ च्या प्रयोगात काही टीमना बाहेरचा एक तज्ज्ञ येऊन जरासं लागेल असं बोलला, शिव्या नाहीत काही, नुसतं खोचक. त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. मग २०१९ मध्ये उलटं करून पाहिलं, ४३ टीम, काहींना एका आईने धन्यवाद दिले, तेही तिच्या बाळाला सांभाळलेल्या अशाच एका टीमबद्दल, काहींना एका मोठ्या डॉक्टरने. आईच्या आभारांनी टीमचं काम सुधारलं. डॉक्टरच्या शाबासकीने विशेष फरक नाही 😄 आणि का सुधारलं, तर लोक एकमेकांना माहिती जास्त द्यायला लागले म्हणून. मला हे फार पटतं, कारण ज्या रात्री कोणीतरी तोंडावर घाण बोलून गेलेलं असतं त्या रात्री मी सिनियरला दुसऱ्यांदा फोन करायला कचरतो. पहिल्यांदा करतो. दुसऱ्यांदा वाटतं जाऊदे, आणि पेशंटला धोका असतो तो तिथेच.

त्यामुळे तुमच्या भावाला सांगा की बिल भरलंय त्यात हे येत नाही.

---

तिरकस

ठीक आहे, आईचे आभार चालतात, मॅनेजमेंटचे चालत नाहीत, हा निष्कर्ष मला बिनशर्त मान्य आहे.

---

स्लाईडवाला

आम्हाला कोणीच बघत नाही म्हणून मीच येतो. लॅब आणि ब्लड बँक.

पेशंटला डॉक्टर दिसतो, सिस्टर दिसते, फार तर एक्स-रेवाला दिसतो. रात्री बाराला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट पंचेचाळीस मिनिटांत कसा आला हे कोणाला पडलेलं नसतं, फक्त पन्नासाव्या मिनिटाला फोन येतो. सीएसएसडी म्हणजे जिथे ऑपरेशनचं सामान निर्जंतुक होतं तिथले लोक, ऑक्सिजनचं प्लांट बघणारे, लाँड्री, फार्मसीचा रात्रीचा माणूस, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, शवागारातले तर सोडूनच द्या. पत्रात 'रात्री रिपोर्ट वेळेवर देणारी लॅब' एवढी एक ओळ टाकलीत तर आमच्याकडे तो कागद नोटिसबोर्डावर वर्षभर राहील, पिवळा पडेपर्यंत. थट्टा नाही करत.

पण मला खरं वेगळंच सांगायचंय. सुट्टीत स्टाफचं ओझं खरोखर हलकं करायचं असेल तर रक्त द्या. सुट्टीत नेहमीचे डोनर गावाला जातात, कॉलेजं आणि ऑफिसं बंद असल्याने कॅम्प होत नाहीत, आणि मागणी मात्र थांबत नाही, अपघात, बाळंतपण, कॅन्सरचे पेशंट. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात पण प्लेटलेट्सचं आयुष्य साधारण पाच दिवस, तेही फ्रीजमध्ये नाही, २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवून. म्हणजे सणाच्या दहा दिवस आधी मोठा कॅम्प घेतला तर सणाच्या दिवशी त्यातली एकही प्लेटलेट शिल्लक नसते. लोक सणाच्या आधी उत्साहाने येतात, एकदम. आम्हाला हवे असतात ते सुट्टीच्या मधोमध येणारे, जेव्हा कोणालाच यायचं नसतं. रात्री दोनला नातेवाईकांना डोनर शोधायला पाठवणं हे कोणालाही आवडत नाही, सिस्टरला तर बिलकुल नाही, कारण शिव्या तीच खाते.

आधी फोन करून विचारून जा फक्त, कुठला गट, काय हवंय.

---

वेटिंगरूम

मी इथे लिहू की नको असं करत होतो.

तुमचे बाबा घरी आले ताई, फार बरं झालं. आमची आई नाही आली. तेही असेच सुट्टीचे दिवस होते, आयसीयू. गेल्यानंतर बरेच महिने मला त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानेही जावंसं वाटत नव्हतं. पण एक ब्रदर होता तिथे, आईला शुद्ध नव्हती तरी तो प्रत्येक वेळी तिला कुशीवर वळवायच्या आधी सांगायचा, "आजी, आता वळवतोय हं, जरा गार लागेल." शुद्ध नसलेल्या माणसाला. मला ते विसरता येईना. शेवटी पत्र लिहिलं. लिहिताना वाटत होतं की ज्या ठिकाणी आपलं माणूस गेलं तिथे थँक्यू लिहिणं विचित्र दिसेल, त्यांना वाटेल हा काय वेडा.

तिथल्या डॉक्टरांचा फोन आला नंतर. म्हणाले, ज्यांचा पेशंट वाचतो त्यांची पत्रं अधूनमधून येतात, ज्यांचा जातो त्यांच्याकडून फक्त वकिलाची नोटीस येईल की काय हीच धाकधूक असते. तो ब्रदर तोवर नोकरी सोडून दुसरीकडे गेला होता, त्यांनी पत्राचा फोटो काढून त्याला पाठवला.

एवढंच. पेशंट वाचला नाही तरी लिहिता येतं, कोणाला उपयोग झाला तर.

---

नाईट_ड्युटी

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही बोलत राहतो शुद्ध नसलेल्यांशी, शिकवलेलं असतं तसं, पण बाहेर कोणी ऐकतंय हे माहीत नसतं.

आणि यावरून आठवलं, ताई तुमच्यासाठी. आयसीयूतून पेशंट वॉर्डात गेला की आमच्यासाठी गोष्ट तिथेच तुटते. पुढे चालायला लागला, जेवला, भांडला, काही कळत नाही. आम्हाला माणूस आठवतो तो नळ्या लावलेला. ॲम्ब्युलन्सवाल्यांना तर तेवढंही नाही, कॅज्युअल्टीच्या दारात सोडला की संपलं, जगला का मेला पत्ता नाही. त्यामुळे पत्रासोबत बाबांचा आत्ताचा फोटो द्या, घरातला, हातात रिमोट घेतलेला. आयसीयूच्या नावाने वेगळा आणि वॉर्डाच्या नावाने वेगळा. मघाशी फोटो नको म्हटलं ते आमचे, पेशंटचे बरे झालेले फोटो कितीही पाठवा. बाबांना विचारून मात्र.

---

मधली_सुट्टी

वेटिंगरूम, तुमचं वाचून थोडा वेळ काही टाईपच करता आलं नाही. आईंबद्दल वाईट वाटलं, आणि लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

तर आता माझी यादी अशी झालीये: सिस्टरचं पत्र मेट्रनना, आकड्यांचं पत्र बिननावाने, म्हणजे स्टाफचं नाव नसलेलं, लॅबला एक ओळ, रात्रपाळीचा वेगळा बॉक्स, आणि भाऊ जाणारे रक्त द्यायला, त्याला रेसिडेंट डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला दिला, काही बोलला नाही पण ब्लड बँकेचा नंबर मागितला. बाबा फोटोला तयार आहेत, दाढी करून मग म्हणाले.

अडलंय ते एकाच ठिकाणी. मावशींचं नावच माहीत नाही मला. सगळे मावशी मावशी म्हणायचे, बिल्ला साडीच्या पदराखाली. आता पत्रात काय लिहू, 'त्या मावशी'?

---

झोप_हवीये

मी तीन वर्षं एकाच युनिटला आहे आणि मलाही आमच्या मामांचं पूर्ण नाव सांगता येणार नाही. उद्या विचारतो.

---

नाईट_ड्युटी

नाव नसलं तरी चालतं. तारीख लिहा, साधारण वेळ लिहा, वॉर्ड आणि बेड नंबर लिहा, आणि 'चादर बदलायला आलेल्या मावशींनी श्वास वाढल्याचं ओळखून सिस्टरला बोलावलं' असं लिहा. त्या दिवशीच्या ड्युटी लिस्टवरून सुपरवायझर नाव काढतो, दोन मिनिटांचं काम आहे, फक्त तारीख चुकवू नका नाहीतर शाबासकी भलत्याच मावशींना मिळेल आणि मग वॉर्डात वेगळंच रामायण. डिस्चार्ज कार्डावर ॲडमिशनच्या तारखा आहेत, त्यावरून मोजा. आणि खाली तुमचा फोन नंबर टाका, नंबर नसलेलं पत्र खरं की खोटं म्हणून कोणीतरी ड्रॉवरमध्ये टाकून देतं.